१९६५ची लिंकन कॉन्टिनेंटल : मडगार्ड, बंपर आणि दिव्यांच्या चौकटी कोठे शोधाव्यात?

माहुलीकर (क्लीव्हलंड, ओहायो)

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी एका वृद्ध गृहस्थांच्या गॅरेजमधून मी १९६५ सालची लिंकन कॉन्टिनेंटल विकत घेतली. चार दारांची सेडान, ४३० घनइंचांचे व्ही-८ इंजिन, आणि मागची दारे उलट्या बाजूने उघडणारी. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांची कामे आटोपली आहेत. अडले आहे ते पत्र्यापाशी.

पुढच्या उजव्या मडगार्डाचा चाकामागचा खालचा भाग गंजून त्याची चाळणी झाली आहे. पूर्वीच्या कोणा मालकाने त्यावर लांबी (खड्डे बुजवण्याचा लगदा) भरून वरून रंग फासला होता. मी खरवडायला घेतले तेव्हा अर्धा इंच जाडीची लांबी ढलपीसारखी हातात आली आणि मागे पत्रा केवळ नावापुरता उरला. पुढचा बंपर उजवीकडे आत दबला आहे, मागच्या दिव्यांच्या ओतीव चौकटींवर फोड आले आहेत, आणि अंगाच्या वरच्या कडेने पुढून मागेपर्यंत जाणारी स्टेनलेस स्टीलची पट्टी दोन ठिकाणी चेपली आहे.

फोर्डची मस्टँग असती तर संपूर्ण मडगार्ड नवे कोरे मागवता आले असते. लिंकनसाठी दारांची रबरे मिळतात, तळाची ठिगळे मिळतात, पण दर्शनी पत्रा मात्र कोणी नव्याने बनवत असल्याचे मला आढळले नाही. ज्यांनी या काळातील मोठ्या अमेरिकन गाड्यांवर काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे : भाग कोठे शोधावेत, कोणत्या वर्षांचे भाग एकमेकांना चालतात, आणि कशासाठी शोधाशोध करण्यापेक्षा आहे तेच दुरुस्त करणे बरे?

वुडवर्ड_कट्टा (डेट्रॉईट, मिशिगन)

माहुलीकर, तुम्ही प्रश्न योग्य विचारला आहे, पण क्रम उलटा लावला आहे. कोठे शोधावे हे नंतर पाहू. नेमके काय शोधायचे हे आधी पक्के केले नाही तर दर वेळी पैसे भरून चुकीचा पत्रा घरी आणाल.

नव्याने कोणी का बनवत नाही, याचे उत्तर आकड्यांत आहे. मस्टँग १९६४च्या एप्रिलमध्ये बाजारात आली आणि पहिल्या वर्षातच चार लाखांहून अधिक विकली गेली. तुमची लिंकन १९६५ मध्ये सेडान आणि कन्व्हर्टिबल मिळून जेमतेम चाळीस हजार बनली, आणि त्यांतील किती आज उरल्या असतील याचा अंदाज तुम्हीच करा. मडगार्डाचा साचा बनवण्याचा खर्च एवढ्या ग्राहकांतून वसूल होत नाही. त्यामुळे लिंकनवाल्यांची सारी भिस्त जुन्या गाड्यांवर आणि गोदामांत पडून राहिलेल्या न वापरलेल्या मूळ मालावर आहे.

आता वर्षांची गोष्ट. १९६१ ते १९६५ या गाड्या लांबून सारख्या दिसतात, आणि विकणारेही बिनदिक्कत 'एकसष्ट ते पासष्ट' असे लिहून मोकळे होतात. तसे नाही. १९६१ ते १९६३ या गाड्यांच्या दोन्ही आसांमधील अंतर १२३ इंच आहे, तर १९६४ पासून ते १२६ इंच झाले. वाढलेली जागा मागे बसणाऱ्यांच्या वाट्याला आली, त्यामुळे मागची दारे जुळत नाहीत. शिवाय आधीच्या तीन वर्षांत बाजूच्या काचा बाकदार होत्या, त्या १९६४ मध्ये सपाट झाल्या. म्हणून दारासाठी तुम्ही फक्त १९६४ आणि १९६५ पाहावे, आणि तेही सेडानचेच, कारण कन्व्हर्टिबलच्या दाराला काचेभोवतीची चौकट नसते.

तुमच्या मडगार्डासाठी तर १९६४ सुद्धा बाद आहे. १९६४ पर्यंत पुढचे इंडिकेटर बंपरमध्ये होते. १९६५ मध्ये ते मडगार्डाच्या टोकात गेले आणि नाकावरची जाळी (ग्रिल) फुगीर होती ती सपाट झाली. म्हणजे मडगार्ड, बंपर आणि जाळी हे तिन्ही १९६५चेच हवेत. बंपरमध्ये दिव्यांसाठी भोके दिसली तर तो तुमचा नाही, इतके लक्षात ठेवले तरी पुरे.

या नाकाच्या अदलाबदलीची एक मौज सांगतो. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची ती उघडी लिंकन, जी आज येथे डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात उभी आहे, ती १९६१ची गाडी आहे, पण तिची पुढची जाळी १९६२ची आहे. सरकारी ताफ्यातच ती बदलण्यात आली. त्यामुळे १९६१च्या गाडीचे छायाचित्र म्हणून तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात दूर राहावे.

माहुलीकर

मनःपूर्वक आभार. माझ्या गाडीचा क्रमांक ५वाय८२एन असा सुरू होतो. एका विक्रेत्याने मला फोर्डच्या थंडरबर्ड गाडीचे मडगार्ड 'थोडे ठोकले की बसेल' असे सांगितले आहे. त्यात काही तथ्य आहे का?

वुडवर्ड_कट्टा

काहीही तथ्य नाही. दोन्ही गाड्या विक्समच्या एकाच कारखान्यात बनत आणि १९६१च्या आराखड्यात आतल्या सांगाड्याचे काही नाते होते, हे खरे. बाहेरचा पत्रा मात्र संपूर्ण वेगळा आहे.

तुमचा क्रमांक स्वच्छ आहे : ५ म्हणजे १९६५, वाय म्हणजे विक्सम, ८२ म्हणजे सेडान आणि एन म्हणजे ४३०चे इंजिन. कन्व्हर्टिबल असती तर ८६ आले असते. सुट्या भागांचे क्रमांकही असेच वाचता येतात. सी५व्हीवाय-१६००५ असा क्रमांक घ्या. सी म्हणजे साठचे दशक, ५ म्हणजे त्यातील १९६५ हे वर्ष, व्ही म्हणजे लिंकन, आणि वाय म्हणजे लिंकन-मर्क्युरी विभागामार्फत बदलीसाठी विकला जाणारा भाग. मधला आकडा भागाची जात सांगतो : १६००५ म्हणजे पुढचे उजवे मडगार्ड, १६००६ म्हणजे डावे, १६६१२ म्हणजे बोनेट, ८२०० म्हणजे जाळी, १७७५७ म्हणजे पुढचा बंपर. ओतीव भागांच्या पाठीवर जो क्रमांक उमटलेला असतो तो आरेखन विभागाचा असतो आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळेलच असे नाही, त्यामुळे तेवढ्यावरून भाग नाकारू नका. मधला आकडा आणि वर्ष पाहा. कोणता भाग कोणत्या वर्षांना चालतो याची हॉलंडरची जाडजूड सूची १९३४ पासून निघते आणि भंगारवाले तिच्यावरच चालतात. त्या काळाची जुनी आवृत्ती मिळवा.

आणि एक सूचना, जी केवळ आपल्या लोकांसाठी आहे. येथे चालक डावीकडे बसतो. विक्रेते 'ड्रायव्हर साइड' आणि 'पॅसेंजर साइड' असे लिहितात. भारतात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात चालक म्हटले की उजवी बाजू येते. मागणी नोंदवताना दोनदा वाचा.

सोनोरा (फिनिक्स, ॲरिझोना)

वुडवर्डकाकांनी काय शोधावे ते सांगितले, मी कोठे ते सांगते. पत्रा हवा असेल तर वाळवंटाकडे पाहा. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि डेट्रॉईट शहर तर अकराशे-बाराशे फूट खोल मिठाच्या खाणीवरच वसलेले आहे. असे असताना त्या भागात साठ वर्षांचे निरोगी मडगार्ड शोधणे म्हणजे कोकणात पावसाळ्यात न बुरसटलेला पापड शोधण्यासारखे आहे. आमच्याकडे ॲरिझोनात आणि न्यू मेक्सिकोच्या कोरड्या भागात जुन्या गाड्यांचे वाडे आहेत. तेथे गाड्या चाळीस-चाळीस वर्षे उघड्यावर उभ्या असतात, आणि त्यांच्या पत्र्यावर वरवरचा तांबूस थर सोडला तर काही झालेले नसते. रबर, प्लास्टिक, गाद्या आणि डॅशबोर्ड मात्र उन्हाने जळून जातात, तेव्हा ते भाग आमच्याकडून घेण्याच्या फंदात पडू नका.

स्वतः येणे शक्य नसेल तर विक्रेत्याकडून छायाचित्रे मागवताना गुळमुळीतपणा करू नका. मडगार्डाची आतली बाजू, चाकामागचा खालचा कोपरा, दिव्याच्या खोबणीभोवतीची कड आणि बोल्टची भोके, एवढ्या जागा जवळून हव्यात. चुंबकाला पातळ कापड गुंडाळून ते पत्र्यावरून फिरवतानाची चित्रफीत मागवा. जेथे चुंबक सुटतो तेथे आत लांबी आहे. बहुतेक विक्रेते सज्जन असतात आणि ही विनंती मान्य करतात. जो कुरकुर करतो त्याच्याबाबतीत तुम्हाला हवी ती माहिती तुम्हाला मिळालेलीच असते.

भाग उतरवून घेतानाची एक गोष्ट अनुभवाने सांगते. मडगार्डाबरोबर त्याचे बोल्ट, मागे घातलेल्या पातळ चकत्या, पट्टीच्या क्लिपा आणि कंस हे सारे एका पिशवीत भरून मागा. नुसते मडगार्ड स्वस्त मिळते, परंतु त्यानंतर त्या चार क्लिपांसाठी तुम्ही सहा महिने घालवता. पाठवणीसाठी लाकडी चौकट बनवून घ्या. पुठ्ठ्यात गुंडाळलेले मडगार्ड दोन हजार मैलांचा प्रवास करून निघते सरळ आणि पोचते वाकडे.

भायखळा_गॅरेज (मुंबई)

धागा आवडीने वाचत आहे. आमच्या वडिलांचे गॅरेज होते, त्यामुळे या विषयाची दुसरी बाजू मांडतो. शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत चालू होता, तोवर मुंबईत अमेरिकन गाड्यांची चलती होती. पुढे आयातीवर बंधने आली आणि ब्यूक, पॅकार्ड, कॅडिलॅक बाळगणाऱ्यांना मूळ मडगार्ड मिळणे जवळजवळ अशक्य झाले. तेव्हा आमच्याकडच्या डेंटरांनी काय केले? चांगल्या बाजूच्या मडगार्डावरून कागदाचे फर्मे काढले, ते आरशासारखे उलटवले, लाकडी ठोकळा तासून घेतला आणि वाळूच्या पिशवीवर हातोडीने पत्रा घडवला. मी लहानपणी असे एक संपूर्ण मडगार्ड तीन आठवड्यांत उभे राहताना पाहिले आहे.

सांगण्याचा हेतू असा की तुमचे मडगार्ड खालच्या एका कोपऱ्यातच कुजले असेल, तर संपूर्ण मडगार्ड शोधण्याची गरजच काय? लिंकनच्या बाजू बऱ्याच सपाट आहेत. कुजलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापा, तेवढ्याच जाडीचा पत्रा त्या वळणाचा घडवा, कडेला कड भिडवून थोडे थोडे अंतर सोडून वेल्डिंगचे टाके मारा आणि प्रत्येक टाक्यानंतर थंड होऊ द्या. एकसलग वेल्डिंग केले तर एवढा मोठा सपाट पत्रा तापून लाटा घेईल, आणि त्या लाटा काळ्या रंगाखाली दहा फुटांवरून दिसतील.

सोनोरा

भायखळा_गॅरेज, आपले म्हणणे मान्य आहे, परंतु असा डेंटर येथे शोधणे हे मडगार्ड शोधण्याहून अवघड आहे, आणि तो मिळाला तर तासावर पैसे घेतो. माहुलीकरांनी स्वतः हातोडी धरली तर गोष्ट वेगळी.

वुडवर्ड_कट्टा

माझे मत आणखी वेगळे आहे. एक अख्खी भंगार गाडी घ्या. १९६५ची सेडान, इंजिन बिघडलेले, कागदपत्रे असोत वा नसोत, पण पत्रा बरा. या सेडान कन्व्हर्टिबलच्या मानाने पुष्कळ बनल्या, म्हणून त्यांची अख्खी भंगार गाडी सुट्या चार भागांच्या एकत्रित किमतीत कधी कधी मिळून जाते. तिच्यातून तुम्हाला मडगार्ड, बंपर, पट्ट्या, क्लिपा, काचा आणि आज माहीत नसलेली पन्नास दुखणी दुरुस्त करण्याचे सामान मिळेल.

माहुलीकर

काका, कल्पना मोहक आहे. आमच्या वसाहतीच्या नियमांनुसार दारात न चालणारी गाडी उभी करता येत नाही, आणि गॅरेजमध्ये दुसरी अठरा फुटांची गाडी आणली तर मी स्वतः कोठे राहायचे हा प्रश्न घरातून आधीच विचारला गेला आहे.

वुडवर्ड_कट्टा

मग ऑक्टोबरमध्ये हर्शीला जा. पेनसिल्व्हेनियातील हा जुन्या गाड्यांचा मेळावा १९५५ पासून भरतो आणि क्लीव्हलंडहून एका दिवसाच्या आत गाडीने पोचता येते. कार्लाईलचे वसंतातील आणि शरदातील बाजारही त्याच राज्यात आहेत. जाताना मडगार्डाची मापे, बोल्टच्या भोकांमधील अंतरे आणि आतल्या बाजूची छायाचित्रे छापून न्या. पहिल्या दिवशी सकाळी जा; शेवटच्या दिवशी भाव उतरतात खरे, पण तोवर चांगला माल गेलेला असतो. १९५३ पासून चालत आलेल्या लिंकन मालकांच्या संघटनेचे सभासदही व्हा. उत्तम भाग जाहिरातीत येतच नाहीत. ते एका म्हाताऱ्याच्या तळघरातून दुसऱ्याच्या तळघरात जातात.

मुलामा (पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया)

धातूंवर मुलामा चढवण्याच्या व्यवसायात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून माहुलीकरांच्या शेवटच्या प्रश्नापुरते लिहिते. चकाकणारे सगळेच भाग एका जातीचे नसतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

स्टेनलेसची पट्टी कधीही टाकून देऊ नये. तिच्यावर मुलामा नसतो. ती आतबाहेर एकच धातू आहे. चेपलेला भाग मागून लहान हातोडीने हलके हलके वर आणावा, कानशीने उंचवटे पाहावेत, मग ३२० पासून ६०० पर्यंत चढत्या क्रमाने घासकागद मारून शेवटी कापडी चाकावर चमक आणावी. स्टेनलेस ठोकल्याने कडक होत जाते, त्यामुळे एकाच जागी फार ठोकले तर ती चिरते. हे काम घरी बसून, रविवार घालवून, उत्तम जमते.

बंपर पोलादाचा असतो. तो सरळ करता येतो, जुना क्रोम आणि निकेल उतरवता येतो, आणि तांबे, निकेल, क्रोम या क्रमाने पुन्हा थर देता येतात. लोक 'क्रोम जाड चढवा' असे सांगतात तेव्हा मला हसू येते, कारण क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. चकाकी आणि संरक्षण दोन्ही खालच्या निकेलचे, आणि गुळगुळीतपणा त्याखालच्या घासकामाचा. पैसे या घासकामाचेच जातात.

खरी डोकेदुखी तुमच्या दिव्यांच्या चौकटींची आहे. त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव आहेत. मुलाम्याला सूक्ष्म छिद्र पडले की आतले जस्त गंजून फुगते आणि वरचा थर फोडासारखा उचलला जातो. असा भाग थेट आम्लाच्या टाकीत घातला तर आम्ल जस्तच खाऊन टाकते. म्हणून जुना मुलामा जपून काढावा लागतो, प्रत्येक खड्डा बारीक हत्याराने कोरून स्वच्छ करावा लागतो, अल्कधर्मी द्रावणातून तांब्याचा पहिला पातळ थर द्यावा लागतो, आणि मग खड्डे कमी तापमानाच्या डाकाने (सोल्डरने) भरून घासावे लागतात. शुद्ध जस्त ४१९ अंशांवर वितळते आणि हा मिश्रधातू त्याच्याही आधी, त्यामुळे डाक देताना हात जरा रेंगाळला की चौकटीचा कोपरा थेंब होऊन खाली पडतो. तांबे, घासणे, पुन्हा तांबे असे दोन-तीन फेरे झाल्यावरच निकेलची पाळी येते. क्रोम चढवण्याच्या द्रावणातले सहासंयुजी क्रोमियम घातक असल्याने नियम कडक झाले आणि हे काम करणारे कारखाने कमी झाले. रांग मोठी असते.

म्हणून माझा सल्ला असा : ओतीव भागांच्या बाबतीत न वापरलेला मूळ माल मिळाला तर किंमत पाहून दचकू नका, दुरुस्तीचा अंदाज आधी घ्या आणि मग तुलना करा. न मिळाल्यास, कमीत कमी खड्डे असलेली चौकट घ्या, मग तिचा क्रोम कितीही मेलेला असो. मेलेला क्रोम काही बिघडवत नाही, खड्डे बिघडवतात. आणि कारखान्यात देण्यापूर्वी प्रत्येक भागाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढून ठेवा, लहान भाग टाकीच्या तळाशी हरवतात.

भायखळा_गॅरेज

मुलामाताई, डाकाचा तो थेंब वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे असा एक बोनेटवरचा तारा गेला आहे. कोणाच्या हातून गेला ते सांगत नाही.

माहुलीकर

सात महिन्यांनी परत येत आहे, विलंबाबद्दल क्षमस्व.

सोनोराताईंच्या सांगण्यावरून ॲरिझोनातील एका वाड्यात १९६५चे मडगार्ड मिळाले. चुंबकाची चित्रफीत मागितली तेव्हा त्या गृहस्थांनी ती आनंदाने पाठवली. लाकडी चौकटीत, बोल्ट आणि क्लिपांच्या पिशवीसह ते सुखरूप आले. जुने उतरवण्याआधी दार आणि बोनेट यांच्याजवळच्या फटी मोजून कागदावर लिहून ठेवल्या होत्या, तरी पहिल्यांदा बसवले तेव्हा दाराजवळची फट वर बारीक आणि खाली बोटभर आली. मागच्या बाजूच्या चकत्या तीनदा बदलल्यावर ती सारखी झाली. जुन्या मडगार्डाचा कुजलेला कोपरा कापून मी त्यावर भायखळा_गॅरेज यांच्या पद्धतीने टाके मारण्याचा सराव करतो आहे. पहिल्या ठिगळाने अपेक्षेप्रमाणे लाटा घेतल्या, दुसऱ्याने कमी.

हर्शीला गेलो. बंपर मिळाला, भोके नसलेला, आणि तो आता मुलाम्याच्या रांगेत आहे. दिव्यांच्या चौकटी तेथे चार पाहिल्या, चारही माझ्यापेक्षा वाईट. त्यामुळे माझ्याच चौकटी दुरुस्तीला दिल्या आहेत, छायाचित्रे काढून. स्टेनलेसची पट्टी घरी सरळ केली. एक जागा जवळून पाहिली तर दिसते, पण मी कोणाला जवळून पाहू देणार नाही.

वुडवर्डकाकांची एक सूचना मात्र मी वाचली आणि तरीही विसरलो. मडगार्डाच्या टोकातील इंडिकेटरची चौकट मागवताना 'ड्रायव्हर साइड' वाचून उजवी म्हणून पैसे भरले. डावी आली. ती १९६५ची आहे, खड्डे नाहीत, पाठीवरचा क्रमांक शाबूत आहे. कोणाला हवी असल्यास निरोप ठेवावा, पाठवणीचा खर्च मी देईन.